वाढीव बटण

आमचं दुकान रोज संध्याकाळी एका फरशीनं लांब व्हायचं. सकाळी शटर वर केलं की मागच्या भिंतीशी ती नवी शहाबादी तयार असायची, आणि तिच्या दोन्ही अंगांना फळ्यांचा तेवढाच नवा तुकडा, मालानं भरलेला. नवी म्हणायची आपली एक पद्धत. फरशी झिजलेली असायची आणि फळ्यांवर धूळ असायची.

याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. विट्याच्या पेठेत, तोडकर वस्तू भांडारात, 'दुकान बंद करा' असं कुणी कधी म्हटलेलं नाही. मल्लूशेठ तोडकरांच्या आजोबांनी नाही, वडिलांनी नाही, मल्लूशेठनीही नाही. चालत्या दुकानाला बंद म्हणणं अशुभ. म्हणून दिवेलागण झाली की शेठ गादीवरून उठायचे, टोपी नीट करायचे आणि म्हणायचे, "चला, वाढवा आता." अख्ख्या पेठेत असंच म्हणतात. फक्त आमच्या दुकानानं ते मनावर घेतलं.

बाहेरून काही कळायचं नाही. दुकानाच्या मागं माळ्यांची पिठाची गिरणी होती, ती आपल्या जागी सुरू होती. गिरणीवाल्यानं एकदा येऊन आमची भिंत ठोकून बघितली, चहा घेतला आणि गेला. नगरपालिकेचा माणूस घरपट्टीसाठी मोजायला आला तेव्हा त्याची फीत संपली. तो म्हणाला, "जाऊ द्या शेठ, कागदावर आहे तेवढंच लावतो." शेठनी त्याला गुळाचा खडा दिला.

मी गल्ल्यावर बसायचे आणि आमचे हे माल काढायचे. हे म्हणजे माझे यजमान. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नव्हती. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं तेवढंच. पुढं लोकांशी बोलताना 'आमचे हे', आणि हाक मारायची तर 'अहो'. गिऱ्हाईक काय हवं ते मला सांगायचं, मी आत हाक द्यायचे, "अहो, अर्धा किलो हरभराडाळ," आणि आतून उत्तर यायचं, "आलोच." माणूस आलेला नसतो, तरी आलोच म्हणतो. त्या 'अहो' आणि 'आलोच'च्या मधे मी गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन सुट्टे परत करून मोकळी व्हायचे. आमचा सगळा संसार या दोन शब्दांच्या मधे झाला म्हटलं तरी चालेल.

दुकान फक्त संध्याकाळीच वाढतं असं आम्ही आधी धरून चाललो होतो. मग एका दुपारी आम्ही दोघं गल्ल्यामागं डबा उघडून बसलो असताना हे म्हणाले, "आमटी वाढ गं जरा." मागं काहीतरी सरकल्याचा आवाज आला आणि भिंत एका फरशीनं लांब गेली. आमटीचा डबा माझ्या हातात तसाच राहिला. दसऱ्याला पूजेच्या वेळी शेठ नारळ हातात घेऊन म्हणाले, "वाढवू का?" आणि नारळ फुटायच्या आधी दुकान वाढलं. त्या वर्षी तेलाचे भाव चढले होते आणि येईल ते गिऱ्हाईक गल्ल्याशी उभं राहून विचारत होतं, "पुन्हा वाढले का हो?" एका दिवाळीत मागची भिंत दिसेनाशी झाली. शेवटी शेठनी सांगून टाकलं की हा शब्द दुकानात कुणी कशासाठीही उच्चारायचा नाही. जेवताना 'घाल' म्हणायचं, भाव 'चढले' म्हणायचं. नारळ आम्ही सरळ फोडायला लागलो, देवाची माफी मागून. राहिला तो संध्याकाळचा एक शब्द. त्याला शेठकडं इलाज नव्हता.

फरशी जितकी मागची, तितका तिच्यावरचा माल आधीचा. पहिल्यांदा लक्षात आलं नाही. साबणाच्या वडीवर जुनं वेष्टन निघायचं, चहाच्या पुड्यावर मालक मरून बुडालेल्या कंपनीचा हत्ती असायचा. पुढं लोकांच्या घरातून गेलेल्याच वस्तू सापडायला लागल्या. स्टोव्हच्या पिना. कंदिलाच्या काचा, गवतात गुंडाळलेल्या. दौतीत टाकायच्या शाईच्या वड्या. हायवेला मॉल झाला आणि नव्या मालाचं गिऱ्हाईक तिकडं पळालं, तेव्हा आमचं दुकान चाललं ते या मागच्या मालावर. घोरपडेबाई, त्या कन्याशाळेवर शिक्षिका होत्या, पाटीवरची पेन्सिल घ्यायला यायच्या. घ्यायच्या आणि तिथंच उभ्या राहून कुरतडायच्या. मी म्हणायचे, "बाई, शाळेत याच्यासाठी तुम्ही मला ओणवं उभं केलं होतं." त्या म्हणायच्या, "तेव्हा मला चव माहीत नव्हती." एक पेन्शनर तर काहीच घ्यायचे नाहीत. जुन्या खाकी पुड्यातला चहा हुंगायचे आणि डोळे पुसत जायचे. मीही कधी कधी तो पुडा नाकाशी धरायचे. आमच्या माहेरच्या स्वयंपाकघरात सकाळी तोच वास असायचा, आणि तो इतका सोपा वास होता की जपून ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

हे आत जायचे आणि येताना थोडे मागचे होऊन यायचे. एकदा गुळाची ढेप घेऊन आले तेव्हा कानांवरचे केस काळे होते. एकदा अंगात चॉकलेटी उभ्या रेघांचा बुशशर्ट होता. तो शर्ट मी फाडून कधीच फडकी केली होती, आणि त्यातल्याच एका फडक्यानं मी त्या वेळी गल्ला पुसत होते. ह्यांनी फडक्याकडं बघितलं, शर्टाकडं बघितलं आणि म्हणाले, "चांगला आहे की अजून."

मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. हे गुणगुणत यायचे. गिऱ्हाईक वळलं की डोळा मिचकवायचे, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मिचकवायचे तसा. घरी जाऊन जेवले, झोपले की सकाळी पुन्हा होते तसे, गुडघ्याला तेल मागणारे. दिवसभर तरुण नवरा आणि रात्री आपला नेहमीचा, असं कुणाच्या नशिबी असतं? बायका हळदीकुंकवाला मला विचारायच्या, "तुमच्या ह्यांनी केस रंगवले का हो?" मी म्हणायचे, "दुकानचं पाणी लागलंय."

एक पथ्य मात्र पाळावं लागायचं. आत गेलेल्या माणसाला बाहेरून हाक लागते. हाक नसली की तो परत फिरत नाही, पुढं पुढं माल बघत जातो. हमाल हणमंत एकदा पोतं आणायला आत गेला आणि नेमकं तेव्हाच वीज गेली, आम्ही सगळे मेणबत्त्या शोधण्यात गुंतलो, त्याला कुणी हाकच मारली नाही. हणमंत अजून आत आहे. कधीतरी फार लांबून पोतं टेकवल्याचा आवाज येतो. म्हणून मी गल्ल्यावरून हलत नव्हते. शेठ म्हणायचे, "वहिनी, तुमचा आवाज आहे म्हणून दुकान आहे." मी आत गेले असते तर आम्हा दोघांना हाक मारायला कोण होतं?

मग ह्यांच्या अंगाला लागलेलं मागचं उतरेनासं झालं. एका संध्याकाळी घरी निघताना म्हणाले, "आईचं औषध संपलंय, जाता जाता घेऊ." सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी म्हटलं, "घेऊ." आणि घेतलंही. घरी गेल्यावर हे बाटली घेऊन माजघरात गेले, थोडा वेळ तिथंच थांबले, मग बाटली कोनाड्यात ठेवून जेवायला बसले. जेवताना म्हणाले, "झोपलीय वाटतं." मी भात घातला.

आणखी काही दिवसांनी मी त्यांना सांगितलं, "केतकीचा फोन होता. रविवारी येते म्हणाली."

"कोण केतकी?"

"आपली."

"बरं," हे म्हणाले, आणि काडेपेट्यांचा गठ्ठा फोडायला बसले.

केतकी आमची मुलगी, एकुलती एक. पुण्याला असते. ती रविवारी आली तेव्हा ह्यांनी तिला गल्ल्यापाशी "या ताई, काय देऊ?" असं विचारलं. ती हसली, तिला थट्टा वाटली. रात्री स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आई, बाबा माझ्याहून लहान दिसतात." मी म्हटलं, "तुझ्या बाबांना आता आत जाऊ देत नाही." पण सकाळी दुकान उघडल्याबरोबर घोरपडेबाई पेन्सिल मागायला हजर, आणि पेन्सिली आता अगदी मागच्या भिंतीशी राहिल्या होत्या. मी म्हटलं, "अहो, राहू द्या." हे म्हणाले, "गिऱ्हाईक उभं आहे." आणि गेले.

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. भीती कशाची ते सांगायला मला आमची सुरुवात सांगावी लागेल.

मी या दुकानात पहिल्यांदा आले ती गिऱ्हाईक म्हणून. वडिलांच्या सदऱ्याला बटणं हवी होती. चार, पांढरी. गादीवर शेठ होते, गल्ल्यावर तेव्हा दुसरेच कुणी, आणि माल काढायला हे, नवीनच लागलेले. ह्यांनी बरणीतून बटणं काढून कागदावर ठेवली. मी बघितलं आणि म्हटलं, "एक जास्त आहे." हे खाली मान घालून कागदाची घडी घालत होते. तसंच म्हणाले, "असू दे. वाढीव." आणि मग वर बघितलं. एवढंच झालं. पण त्या वाढीव बटणाचं काय करायचं हे विचारायला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, आणि तिसऱ्या दिवशी काही विचारायचं नव्हतं तरी आले. ते पाचवं बटण कुठल्याच सदऱ्याला लागलं नाही. मी गल्ल्यावर बसायला लागले तेव्हापासून ते गल्ल्याच्या एका खणात होतं. त्या खणात मी कधी नाणी टाकली नाहीत.

दुकान रोज एक फरशी मागं चाललं होतं. ती बटणांची फरशी कधीतरी येणार होती, आणि तिच्याही मागं फरश्या असणार होत्या. हे त्या फरशीच्या पलीकडं गेले की तिथं मी नव्हतेच.

मी शेठना गाठलं. शेठ तेव्हा ओट्यावर बसायचे. दुकान मागं वाढायचं ते फुकट नव्हे, पुढून बोटबोट आटायचं. आधी शेठची गादी बाहेर आली, मग तराजू भिंतीवर टांगावा लागला. माझी खुर्ची जाऊन स्टूल आलं. मी त्या स्टुलावरूनच बोलले.

"शेठ, आज दुसरं काहीतरी म्हणा."

"काय म्हणू?"

"आवरा म्हणा."

"वहिनी, अमक्यानं दुकान आवरतं घेतलं असं लोक कधी म्हणतात?"

"मग मिटवा म्हणा."

"मिटलंच मग."

"गुंडाळा?"

शेठनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आज्जानं म्हटलं नाही, अप्पांनी म्हटलं नाही. मी बंद म्हटलं आणि ते खरंच बंद झालं, तर उद्या सकाळी मी कुठं जाऊ? आणि तुमचे ते आत असताना मी बंद म्हटलं तर? आत राहतील की."

ते बरोबर होतं. या दुकानात म्हटलेलं खरं होत होतं. 'वाढवा' म्हटलं तर हे आणखी लांब जाणार, आणि 'बंद' म्हटलं तर जिथं असतील तिथंच राहणार. मला रडू आलं. शेठनी मला पाणी दिलं आणि दिवे लागल्यावर, मान दुसरीकडं करून, हळूच म्हणाले, "वाढवा."

त्यानंतर हे घरी यायचे थांबले. दुकान वाढवायची वेळ व्हायची तेव्हा हे अजून वाटेतच असायचे. शेठ म्हणायचे, "झोपेल पोत्यांवर. उबदार असतं." मी डबा गल्ल्यावर ठेवून जायचे. सकाळी तो तिथंच असायचा, कधी रिकामा, कधी तसाच. रिकामा असला की मला सगळा दिवस बरा जायचा. घरी मी दोन ताटं घ्यायचे आणि एक परत ठेवायचे. रात्री घर फार लहान वाटायचं.

दिवसा मी हाक द्यायचे, "अहो, कापराच्या वड्या," आणि 'आलोच' यायचं ते दुपारच्या चहानंतर. गिऱ्हाइकं थांबायची. त्या मालासाठी थांबायला लोकांची तयारी होती, ओट्यावर बसून ती एकमेकांना जुन्या गोष्टी सांगायची. पेन्शनर गृहस्थ एकदा म्हणाले, "कुठं आहेत मालक?" मालक म्हणजे माझे यजमान, तसं विचारायची रीत आहे.

"ते आत गेलेत," मी म्हणाले.

बोलले आणि जिभेवर काहीतरी राहिल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी 'हे' म्हणत होते. मी माहेरी गेले तरी 'हे', परगावी गेले तरी 'हे', माझ्याशी अबोला धरून बसले तरी 'हे'च. हाताच्या अंतरावरच्या माणसाला हे म्हणतात, लांबच्याला ते. माझ्या तोंडानं मला न विचारता अंतर सांगून टाकलं. मी पुन्हा 'हे' म्हणून बघितलं. जवळ कुणी नव्हतं, म्हणून तो शब्द गल्ल्यावरच्या वजनाला लागला.

दुसऱ्या दिवशी गल्ला उघडला तर त्या खणात बटण नव्हतं. मी सगळे खण उपसले, नाणी ओतून बघितली, खाली वाकून फरशीवर हात फिरवला. खण स्वच्छ होता, बटण तिथं कधी नव्हतंच असा. मी हाक दिली, "अहो." माझा आवाज फरश्यांवरून लांबपर्यंत गेला. पेठेतले दोनतीन पुरुष चालता चालता वळून बघायला लागले. आतून उत्तर आलं नाही.

मी पुन्हा म्हटलं, "अहो." मग कळलं. लग्नाआधी ते कुणाचेच अहो नव्हते.

त्या संध्याकाळपर्यंत मी वाट बघितली. दुकान पुढून इतकं आटलं होतं की स्टूल मावेना. गल्ला शटरच्या रेषेला येऊन टेकला होता आणि मी पायरीवर, गिऱ्हाइकाच्या बाजूला उभी होते. आतली बाजू रिकामी होती. दोन्हीकडं फळ्या, मधे फरश्या, वर एकामागं एक दिवे, पुढं पुढं लहान होत गेलेले.

दिवेलागणीला शेठ उठले आणि टोपी नीट केली. मी म्हटलं, "शेठ, आज गप्प बसा."

"वहिनी."

"ते इथं येईपर्यंत. गल्ल्याशी आले की मग मीच म्हणते. बंद म्हणते. तुमच्यावर दोष नाही, तोडकरांपैकी कुणी म्हटलं असं होणार नाही. ते बाहेर असतील आणि दुकान जसं आहे तसं राहील."

पेठेत शटरं खाली यायला लागली होती, आणि जो तो आपापल्या दुकानाला वाढवा म्हणत होता. त्यांचं काही वाढत नव्हतं. शेठ ओट्यावर बसले, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि तोंडावर धरला. टॉवेलातून म्हणाले, "मारा हाक."

हाकेला माल लागतो. नुसती हाक मारली तर माणूस 'काय?' म्हणून तिथंच थांबतो. काय मागायचं ते माझं ठरलेलं होतं. माझ्या आठवणीतली सगळ्यात पहिली गोष्ट मागितली तर ती आणता आणता त्यांनाही काही आठवेल असं मला वाटत होतं. राहिलं नाव. ते मी उखाण्यातून बाहेर कधी काढलं नव्हतं. लाज वाटली, या वयात, भर पेठेत. मग लाज गेली.

"श्रीरंग," मी म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले. "श्रीरंग, चार बटणं. पांढरी."

नाव एकेका दिव्याखालून आत गेलं. समोरच्या भांड्यांच्या दुकानातला माणूस कुलूप हातात धरून बघत राहिला. खूप वेळ काही झालं नाही. मग फार लांबून, बारीक, एकट्या माणसाच्या मोकळ्या आवाजात आलं, "आलोच."

शेठनी माझ्याकडं बघितलं. टॉवेलाच्या वर त्यांचे डोळे हसत होते.

ते येताना दिसायला लागले. आधी एक ठिपका, मग चालणारा ठिपका, मग हातात कागद घेतलेला माणूस. पायांत चपला नव्हत्या. प्रत्येक दिव्याखाली मी बघत होते की आता केस पांढरे होतील, आता गुडघा धरतील, आता तो चॉकलेटी शर्ट तरी येईल अंगावर. पूर्वी पुढं येता येता सगळं परत यायचं. ते दिवे ओलांडत आले आणि होते तसेच राहिले. अंगात गिरणीच्या कापडाचा पांढरा सदरा, केस तेल लावून चप्प बसवलेले. मला ते केस आठवले. त्यांच्यावरून मी त्यांना चिडवलं होतं, तिसऱ्या दिवशी.

गल्ल्यावर माझे दोन्ही हात होते. त्यांना फक्त हातच दिसले असतील, सुरकुतलेले, शिरा वर आलेले. मान वर न करता त्यांनी कागद हातांच्या मधे ठेवला.

"घ्या मावशी," ते म्हणाले.

मला 'बंद' म्हणायचं होतं. शब्द तोंडात तयार होता. एवढं म्हटलं की दुकान थांबणार होतं, ते बाहेर राहणार होते, रोज संध्याकाळी घरी येणार होते. मला मावशी म्हणत येणार होते. मी ताट घेणार होते आणि ते पाहुण्यासारखे मांडी घालून बसणार होते, आणि केतकी रविवारी आली की तिला ताई म्हणणार होते.

मी कागदाकडं बघितलं. एक, दोन, तीन, चार. आणि त्यांच्यापासून जरा बाजूला, कागदाच्या कडेला, आणखी एक. माझ्या खणातलंच. त्याच्या एका भोकाशी टवका उडालेला होता, तोही तसाच.

त्यांनी कागदाची घडी घालायला घेतली. बोटं भराभर चालत होती, अजून मान खाली होती. मला पुढचं सगळं पाठ होतं. मी काय म्हणायचं, त्यांनी काय म्हणायचं, आणि ते म्हटल्यावर कुठं बघायचं. ते मी म्हटलं नाही तर ते कधीच वर बघणार नव्हते. शेठनाही ते आठवलं असावं, कारण त्यांनी टॉवेल तोंडावरून काढून मानेनंच नको नको केलं. त्यांचं सगळं दुकान गप्प होतं. फार आत कुठंतरी हणमंतनं पोतं टेकवलं.

मी गल्ल्यावरून हात पुढं केला, ह्यांचं मनगट घट्ट धरलं, आणि म्हटलं, "एक जास्त आहे."